डोंगरातली वाइन आणि गाडीची किल्ली

आमच्या घरी कुठलीही सहल आधी कागदावर होते आणि मग, उत्साह उरलाच तर, रस्त्यावर. हरीश, म्हणजे माझे यजमान, जन्मभर कार्डिफच्या हॉस्पिटलात भूल देण्याचं काम करत आले. भूल देणाऱ्याला घाई चालत नाही, हे वाक्य मी लग्नापासून ऐकते आहे. ते निवृत्त झाले तरी स्वभाव काही निवृत्त झाला नाही. दोन हजार सहाच्या वसंतात त्यांनी जेवणाच्या टेबलावर एक भलामोठा नकाशा पसरला आणि तो उचलेचनात. पुढचे कितीतरी दिवस आम्ही स्वयंपाकघरातल्या स्टुलांवर बसून जेवलो.

नकाशावर पेन्सिलीने तीन गोल काढलेले होते. काय आहे तिथे, असं विचारलं तर म्हणाले, द्राक्षमळे. वेल्सच्या डोंगरात लोकांनी द्राक्षं लावली आहेत, स्वतः वाइन काढतात, आधी कळवून गेलं तर चाखायला देतात. एक जूनमध्ये करायचा, एक ऑगस्टमध्ये आणि एक ऑक्टोबरमध्ये तोडणीच्या वेळी. मी म्हटलं, इथे माझी मेथी उगवत नाही आणि यांची द्राक्षं पिकतात? त्यावर मला दक्षिणेकडच्या उतारांवर एक व्याख्यान मिळालं. डोंगर हा शब्दही जरा सैलच वापरलेला. मी पुण्याची. आपल्याकडे ज्याला टेकडी म्हणून लोक सकाळी फिरायला जातात, त्याला ही मंडळी माउंटन म्हणतात आणि त्याचा नकाशा छापतात.

तुम्ही म्हणाल, बाईला काय खुपतंय, माणूस हौस करतोय तर करू दे. पण हरीशना वाइनची हौस कधीच नव्हती. ख्रिसमसच्या पार्टीत हातात एक ग्लास धरायचा आणि रात्रभर तोच फिरवायचा, एवढंच त्यांचं पिणं. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती आम्हा दोघांना ठाऊक होती. त्यांना काचबिंदू झाला होता. एप्रिलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाजूची नजर हळूहळू आक्रसते आहे. आज गाडी चालवायला कायद्याने हरकत नाही, पण बहुधा पुढच्या वर्षी लायसन्स परत करावं लागेल. त्या दिवशी ते घरी आले, कोट काढला आणि नकाशा पसरला. चालवता येतंय तोवर हे रस्ते एकदा चालवून घ्यायचे आहेत, वाइन हे निमित्त, असं मी धरून चालले आणि टेबलाबद्दल भांडायचं सोडून दिलं.

आमची लेक ऋजुता लीड्सला असते. तिने लगेच पुढचा विचार केला. तिच्या घराजवळ एक छोटा बंगलो विकायला येणार होता, मालक ओळखीचे, सप्टेंबर अखेरपर्यंत थांबायला तयार. फोनवर ती म्हणाली, "आई, बाबांची लायसन्स गेला की तुम्ही त्या डोंगरावर काय करणार? बस पण संध्याकाळी येत नाही. प्लीज, बी सेन्सिबल."

तिचं व्याकरण चुकलं तरी म्हणणं चुकलं नव्हतं. आमचं घर केरफिलीच्या डोंगराच्या उतारावर. दुकान खाली, दवाखाना खाली, ग्रंथालय खाली. गाडी नसेल तर वर नुसतं वारं खात बसायचं. तरीही मला लीड्सला जायचं नव्हतं. लीड्सचं वाईट काही नाही. पण लेकीच्या जवळ राहणं वेगळं आणि लेकीच्या हाताखाली राहणं वेगळं. शिवाय हे घर माझं आहे. इथल्या दगडगोट्यांच्या जमिनीत मी हाताने वाफे केले, शेजारच्या म्हातारीशी आधी भांडले आणि मग तिची मैत्रीण झाले. हे सगळं पुन्हा करायला मला आता अंगात बळ नव्हतं.  हरीश मात्र नकाशा बघत होते.

लायसन्स माझ्याकडेही होतं, हे सांगायला हवं. ऋजुता लहान असताना मी परीक्षा पास झाले होते. मग एकदा कार्डिफच्या एका मोठ्या राउंडअबाउटवर गाडी बंद पडली ती सुरूच होईना. चारी बाजूंनी हॉर्न, मागे ऋजुता रडतेय. कुणाला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून मी स्टिअरिंगला हात लावला नाही. हरीश मात्र दरवर्षी इन्शुरन्समध्ये माझं नाव घालायचे आणि दरवर्षी मी म्हणायचे, कशाला हा वायफळ खर्च.

तयारी जोरात चालली. जूनमधला मळा फक्त रविवारी उघडतो, म्हणून फोन करून वेळ ठरवली. अत्तर लावायचं नाही, आदल्या दिवसापासून तिखट खायचं नाही, सकाळी घरात हिंगाची फोडणी करायची नाही. शेवटच्या अटीवर आमचं वाजलं. मी म्हटलं, द्राक्षं तिकडे डोंगरात, माझा हिंग इथे, त्यांची गाठ पडतेच कुठे? शेवटी ब्रेड आणि चीज न्यायचं ठरलं. मी गुपचूप दडपे पोहेही डब्यात भरले.

मग मी मुद्द्याचं विचारलं. एवढी चाखल्यावर गाडी कोण चालवणार? ते म्हणाले, जाणकार लोक गिळत नाहीत, तोंडात घोळवून बादलीत थुंकतात. मला हसूच फुटलं. या माणसाच्या ताटात आजवर कधी शीत उरलेलं नाही. सासूबाई कारलं संपेपर्यंत पानावरून उठू द्यायच्या नाहीत. पानात टाकायचं नाही, हे यांच्या अंगात इतकं भिनलं की हॉस्पिटलातला शिजून गाळ झालेला कोबीही ते संपवायचे. इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात श्रीखंड टाकणारी पोरं यांना पाहिलं की वाटी चाटून पुसून ठेवायची. हे थुंकणार?

"वाइन म्हणजे काही अन्न नव्हे," ते म्हणाले आणि पाण्याचा ग्लास घेऊन सिंकपाशी सराव करायला लागले. पहिल्या दिवशी सगळं पाणी खिडकीवर. मी रोज फडकं घेऊन मागे उभी.

जूनमधल्या त्या रविवारी ऊन चांगलं पडलं होतं. अ‍ॅबरगव्हेनीच्या पुढे रस्ता इतका अरुंद झाला की दोन्हीकडची झुडपं काचांना घासत होती. हरीश सावकाश, मजेत चालवत होते. मळा उताराच्या टोकाला होता. मालकीण ग्लेनिस, साधारण माझ्याच वयाची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली. नवरा गेल्यावर एकटीने मळा सांभाळणारी बाई. तिने दगडी कोठारात टेबलावर ओळीने ग्लास मांडले, खाली बादली ठेवली. मी पहिला घोट घेतला. साखर घालायची राहून गेलेलं पन्हं जसं लागेल, तशी चव. मी तोंड वाकडं न करता आभार मानले, वेली बघते म्हणून बाहेर आले आणि बाकावर बसून दडपे पोहे खाल्ले.

बऱ्याच वेळाने हरीश बाहेर आले आणि कुंपणाच्या भिंतीवर बसले. चेहरा लाल होता. तोंडाला वास तर येतच होता.

"वैजू," ते अगदी हळू म्हणाले, "सगळं संपवलं मी. टाकवेना."

मला इतका राग आला की शब्द फुटेना. मग फुटले ते मराठीत आणि भरपूर. ग्लेनिस बिचारी ग्लास धुवायला आत निघून गेली. या वयात अक्कल कशी नाही, एवढं पाणी खिडकीवर थुंकलात ते कशासाठी, सगळं बोलून झालं. त्या दरीत मोबाइल चालत नव्हता आणि रविवारी इतक्या आत टॅक्सी कोण आणणार? हरीश ऐकून घेत होते. माझं संपल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तळहातावर ठेवून पुढे केली. मी आधी ती घेतलीच नाही. लीड्सच्या बंगलोची आठवण झाली, तेव्हा घेतली.

गाडी फाटकातच बंद पडली. मी डोळे मिटले आणि हॉर्नची वाट पाहिली. मागे होत्या फक्त मेंढ्या, आणि त्यांना कुठेच जायचं नव्हतं. मी पुन्हा किल्ली फिरवली. पुढे वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. रस्ता एकाचाच, मागे जाणं भाग होतं. मी रिव्हर्स गिअर शोधत बसले. हरीश शेजारी डोळे मिटून पडले होते, पण आवाज आला, "वैजू, श्वास घे. आता सोड. सावकाश मागे." हजारो माणसं ज्या आवाजावर विसंबून झोपली असतील, तोच हा आवाज. मी मागे घेतली. एक चाक झुडपात गेलं, पण ट्रॅक्टरवाला हात करून निघून गेला. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ब्लाउज घामाने भिजला होता. घरासमोर गाडी लावली तेव्हा मी उतरलेच नाही. बराच वेळ तशीच बसून राहिले. मला फार, फार बरं वाटत होतं, आणि ते यांना कळू द्यायचं नव्हतं म्हणून मी पुन्हा थोडं रागावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात त्यांची डोळ्यांची तपासणी होती. थेंब घातले की दिवसभर धूसर दिसतं, म्हणून आम्ही एरवी बसने जायचो. मी म्हटलं, बसा गाडीत. मग दुकान झालं, ग्रंथालय झालं. ज्या राउंडअबाउटवर मी हरले होते, तोही एका सकाळी लवकर जाऊन पार केला. ऑगस्टमधला मळा मात्र पावसात वाहून गेला, म्हणजे सहल गेली, मळा जागेवर आहे. सप्टेंबर संपत आला. ऋजुताचा उत्तरासाठी दोनदा फोन आला, पण अजून माझी जीभ रेटत नव्हती. एका ट्रॅक्टरला वाट दिली म्हणून जन्माचा निर्णय घ्यायचा का, असं मन खात होतं.

तिसरा मळा यंदा तोडणीच्या वेळी पाहुणे घेत नव्हता. म्हणून मीच ग्लेनिसला फोन केला, तुझ्याकडेच पुन्हा येऊ का विचारायला. जूनमध्ये तुझ्या दारात तमाशा केला, त्याबद्दल माफीही मागितली. यजमानांनी सगळे ग्लास रिकामे केले, एवढी पितील असं वाटलं नव्हतं, असं मी म्हणाले.

 पलीकडून तिने सांगितलं की त्यांनी तर एक थेंबही गिळला नव्हता. इतक्या वर्षांत इतकं नेमकं थुंकणारा पाहुणा तिने पाहिला नव्हता, बादलीच्या काठावरसुद्धा शिंतोडा नाही. जाताना बादलीही स्वतः विसळून ठेवली होती. त्या दिवशी मी का चिडले आहे, हे तिला कळलंच नव्हतं.

फोन कानाशी धरूनच मी वळून पाहिलं. स्वयंपाकघरात हरीश पाठमोरे बसून काकडी चोचवत होते. सिंकपाशी इतके दिवस केलेला तो सराव माझ्या डोळ्यांसमोर आला, फडकं घेऊन मागे उभी असलेली मी आले. आईच्या धाकात वाढलेला हा माणूस ग्लासामागून ग्लास टाकत गेला असेल. आणि मला मात्र सांगितलं, टाकवेना. दुसरं काहीही सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी ग्लेनिसला ऑक्टोबरची वेळ मागितली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" हरीशनी मागे न बघता विचारलं.

"या म्हणाली. या वेळी गिळा. बादली लागणार नाही."

त्यांची सुरी थांबली. मान वळली नाही, पण कान लाल झालेले मला दिसले.

"आणि गाडी?"

"ती मी चालवणार आहे," मी म्हटलं, आणि लीड्सला फोन लावला, तो बंगलो दुसऱ्या कुणाला देऊन टाका म्हणून सांगायला.