डाव्या हातात कॉफीचा टंबलर

कुंभकोणमला चंद्रमौलीच्या कारखान्यात स्टीलची मोठमोठी भांडी बनतात, आणि तिथे राजगोपालच्या डाव्या हाताचा भारी दरारा होता. टिग वेल्डिंगला उजव्या हातात धातू वितळवणारी टॉर्च धरायची आणि डाव्या बोटांनी बारीक सळई कणाकणाने आत सरकवायची. बोटांना हे वळण लावायला त्याला सहा वर्षं लागली होती. पण छप्पन्नाव्या वर्षी तीच बोटं आखडली आणि कुठल्याही औषधाला दाद देईनात. आठ महिने आपला हा पठ्ठ्या पॉलिशच्या चाकावर बसला होता. कोणी आलं की हात पंच्याखाली लपवी, आणि मनातून झुरे.

मग नवं मशीन आलं. त्यात तारेचं रीळ होतं. टॉर्च आपण धरायची, तार आपोआप येणार. राजगोपालची सख्खी भाची श्रीविद्या आयटीआय करून आली आणि पंधरा दिवसांत त्यावर पत्र्यांच्या जोडाची झकास शिवण घालू लागली. सहा वर्षं कुठे आणि पंधरा दिवस कुठे! राजगोपालला राग आला, चांगला अर्धा तास टिकला. मग एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. या मशीनला डावा हात लागतच नाही! तो जवळजवळ नाचतच मालकाकडे गेला.

चंद्रमौलीने मान डोलावली. "स्वामीमलैच्या लग्नमंडपाचा कॉफी बॉयलर आहे, अण्णा. तळाची शिवण तुम्ही घाला. थेंब गळला तर पुन्हा पॉलिश, आणि हा विषय परत काढायचा नाही."

सरावाच्या पहिल्याच तुकड्यावर घोळ झाला. मशीन तार घालत होतं आणि या गृहस्थांनी जुन्या सवयीने डाव्या हातानेही सळई खुपसली. शिवण फुगून बोटाएवढी जाड झाली. पॉलिशवाला रंगा पोट धरून हसला. श्रीविद्याने सळया लपवल्या, तर रिकामा हातच पुढे धावून टॉर्चवर आपटला.

"मामा, तो हात खिशांत ठेवा!"

"वेष्टीस खिसा कोठें असतो गे?" राजगोपालने कमरेच्या धोतराकडे बोट दाखवलं.

श्रीविद्याने आपला कॉफीचा भरलेला टंबलर त्याच्या मुठीत कोंबला. "मग हा धरा. सांडूं नका!"

गंमत म्हणजे हात गप्प बसला. आखडलेल्या बोटांना ती ऊब इतकी आवडली, की ती टंबलरभोवती सुखाने वळली. राजगोपाल थेट बॉयलरकडे वळला आणि त्याने काळी काच खाली घेतली. तार मशीनची खरी, पण वितळलेला ठिपका कधी रुंदावतो आणि टॉर्च कधी पुढे न्यायची, ते डोळ्यालाच कळतं. त्याची टॉर्च बॉयलरभोवती एका लयीत फिरली, आणि त्याला भर कारखान्यात गावंसं वाटलं.

"हें मजही शिकवा, मामा," श्रीविद्या शिवण न्याहाळत पुटपुटली.

शिवणीला बाहेरून खडूचं पाणी लावून वाळवलं आणि बॉयलर काठोकाठ भरला. अर्धा तास सगळे उकिडवे बसून त्या पांढऱ्या पट्ट्यावर ओला डाग उठतो का ते बघत राहिले. पट्टा कोरडा ठणठणीत!

नव्या बॉयलरची पहिली कॉफी वेल्डरची, अशी तिथली रीत. रंगाने कॉफी उकळली आणि तो भांडं शोधू लागला. राजगोपालने टंबलरातली गार कॉफी घटाघटा संपवली आणि सगळ्यांसमोर डावा हात लांब केला.

"इथें ओत," तो म्हणाला. पंचा केव्हाच खाली पडला होता.