सहीपुरती

नगरसभेत दोन बायका हव्यात असा नियम वरून आला, तेव्हा नऊ पुरुष सदस्यांनी आधी आपापल्या घरात नजर टाकली. अध्यक्षांनी आपल्या वहिनींचं नाव पुढे केलं. दुसरी कोण, यावर बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी जिचं कुणाशीच वाकडं नाही अशी बाई म्हणून टेलरकाकूंचं नाव निघालं. अर्ध्या गावाचे कपडे काकू शिवत. नऊच्या नऊ सदस्यांच्या पँटी कमरेत किती वाढवाव्या लागल्या हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्या ते कुठे बोलत नसत. याहून भरवशाची बाई कुठे मिळणार?

नियमाचा दुसरा भाग असा होता की दोघींपैकी एकीची तरी सही असल्याशिवाय कुठलाच ठराव पक्का धरायचा नाही. नियम करणाऱ्यांना वाटलं असेल, आता बायकांना विचारल्यावाचून इथलं पान हलणार नाही. हलत होतं, अगदी छान हलत होतं. सभागृहात खुर्च्या नऊच, म्हणून या दोघींना शेजारच्या खोलीत बसवत. चहा येई, बिस्किटं येत. तासाभराने कारकून ठरावांची वही घेऊन येई आणि पेन पुढे करी.

"काय ठरलं?" काकू विचारत.

"नेहमीचंच हो," कारकून म्हणे.

पहिल्याच सभेत काकूंची बाही ओल्या शाईवर घासली आणि अर्धा ठराव फरकटला. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन त्यांनी जाड पुठ्ठा घेतला, वहीच्या पानाच्या मापाने बेतला आणि सहीच्या जागेपुरती त्यात खिडकी कापली. पुठ्ठा पानावर ठेवायचा, खिडकीतून सही करायची, बाकीचं पान झाकलेलं. कडा अशा सरळ की बघत राहावं. कारकून जाम खूश झाला. अध्यक्ष तर मुद्दाम उठून शेजारच्या खोलीत आले आणि म्हणाले, "बघा, बायका कारभारात आल्या की अशी टापटीप येते!" त्या कौतुकावर काकू चार दिवस तरंगत होत्या.

सून मात्र हसली नाही. ती शाळेत शिकवायची, आणि जीभ जरा धारदारच होती तिची.

"आई, सही करण्याआधी तुम्ही वाचता तरी का?"

"अगं, पुठ्ठा असतो ना वर."

"मग उचला की तो!"

"बघू," काकू म्हणाल्या. त्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे सुनेला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं.

ती सून जाऊन आता आठ महिने झाले होते. गावच्या दवाखान्यातली बाळंतपणाची खोली बंद झाली होती आणि मोठं इस्पितळ होतं बत्तीस किलोमीटरवर. भर दुपारी कळा सुरू झाल्या. अठराव्या किलोमीटरला रस्त्यात ट्रक आडवा पडलेला, पुढे गाडी जाईना. मुलगी गाडीतच झाली. रक्त काही थांबलं नाही. मुलगी वाचली, तिला सगळे ठमी म्हणू लागले. काकूंचा मुलगा गाडीत बायकोचा हात धरून बसला होता. तो वायरमन, आधीच बोलायला बेताचा, त्यानंतर तर शब्द मोजूनच काढू लागला.

दवाखान्यातल्या त्या बंद खोलीचं आता महिला सभागृह होणार होतं. एका सकाळी अध्यक्ष स्वतः दुकानात आले आणि माप द्यायला येणाऱ्यांच्या स्टुलावर बसले. "काकू, सूनबाईंचं नाव देऊ या सभागृहाला. आणि वायरिंगचं काम तुमच्याच मुलाला. घरचंच माणूस आहे." त्यांचे डोळे खरंच पाणावले होते. वाईट माणूस नव्हता तो, आणि हेच तर अवघड होतं. काकूंनाही हुंदका आला. त्या हो म्हणाल्या.

कामाला लागल्यावर तिसऱ्या दिवशी मुलगा दुपारी जेवायला आला. ताटावर बसला, पण घास काही उचलेना.

"भिंतीत सलाईन अडकवायचे दोन हूक आहेत अजून," तो म्हणाला. "आई, ही खोली बंद कुणी केली गं?"

"वरून आलं असेल काहीतरी."

"वरून काही नाही आलं. मी दवाखान्यात विचारलं. इथूनच ठरलं म्हणाले. तू तिथेच बसतेस ना? शोधून काढ. मला फक्त नाव हवंय."

त्याने आठ महिन्यांत आईकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. काकू दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधीच दारात उभ्या होत्या.

कारकुनाने कपाट उघडायला खूप वेळ लावला. "काकू, जुनी मढी कशाला उकरताय?"

"माझ्याच घरातलं आहे ते मढं," काकू म्हणाल्या.

त्याने वही काढून दिली आणि पाणी प्यायला निघून गेला. काकू बोट फिरवत एकेक पान वाचत गेल्या. वाचायची सवय नव्हती, शब्द जोडून जोडून वाचावं लागे. एकसष्टाव्या पानावर ते सापडलं. 'प्रसूतिकक्षाचा वापर अत्यल्प असल्याने सदर कक्ष बंद करून जागा नगरसभेने ताब्यात घ्यावी. महिला सदस्यांची संमती आहे. सर्वानुमते मंजूर.' त्याखाली चौकट होती. चौकटीत काकूंची सही. गोल अक्षरं, शेवटी दोरा तोडावा तसा एक फटकारा.

त्यांनी तारीख पाहिली आणि त्या तिथेच खाली बसल्या. ती तारीख त्या विसरणं शक्य नव्हतं. सुनेला दिवस गेल्याचं पक्कं कळलं तोच दिवस. मिठाईचा डबा घेऊन त्या सभेला गेल्या होत्या. नऊही जणांनी मिठाई खाल्ली, "काकू, आता आजी होणार!" म्हणून चेष्टा केली. कारकुनाच्या एका हातात मिठाई होती आणि दुसऱ्या हातात पुठ्ठा.

फसवलं मेल्यांनी मला, असं त्यांनी मनात म्हणून पाहिलं. पण ते वाक्य काही अंगात बसेना. पुठ्ठा उचलू नका म्हणून त्यांचा हात कुणी धरला होता? आणि तो पुठ्ठा तरी कुणी कापून दिला होता? काकूंनी तो वहीतून काढला, पिशवीत घातला आणि त्या घरी आल्या.

दोन दिवस त्यांनी मुलाला सांगितलं की वही सापडत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो ठमीला पेज भरवत होता. काकूंनी मशीनचं चाक थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं. तारीख सांगितली. मिठाईचंही सांगितलं.

मुलगा भरवत राहिला. वाटी रिकामी झाली, तरी चमचा खरवडत राहिला. मग ठमीचं तोंड पुसून म्हणाला, "ती मिठाई मीच आणून दिली होती तुला."

एवढंच. त्या दिवसापासून त्याने सभागृहाचं काम सोडलं आणि 'आई' म्हणायचंही सोडलं. "दूध संपलंय." "ठमी झोपलीय." असं हवेत बोलायचा, जसं काही घरात दुसरं कुणीतरी आहे. काकूंनी ते मुकाट्याने घेतलं. त्यांना त्याहून जास्त हवी होती शिक्षा, पण ती देणारी राहिली नव्हती.

पुढच्या सभेला नाव देण्याचा ठराव होता. वहिनी त्या महिन्यात लेकीकडे गेलेल्या, म्हणजे सही हवी ती काकूंचीच. काकू शेजारच्या खोलीत थांबल्याच नाहीत. मशीनपुढचं स्टूल काखेत मारून त्या थेट सभागृहात शिरल्या.

"अहो काकू, खुर्च्या नऊच आहेत," एक सदस्य म्हणाला.

"माझं बसायचं मी आणलंय."

हसू फुटलं. मग अध्यक्षांनी ठराव वाचला आणि सगळे गंभीर झाले. काकू उठून उभ्या राहिल्या.

"नाव नको. खोली परत द्या. पुढची कुणाची तरी सून असेल. तुमच्यापैकीच कुणाची तरी."

"तुमच्या भावना आम्ही समजतो," अध्यक्ष हळुवारपणे म्हणाले, "पण वर अहवाल गेलाय. महिलांसाठी सभागृह करणारी पहिली नगरसभा आपली. आता मागे कसं फिरायचं?"

"मग माझा विरोध लिहा."

कारकुनाने वहीकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे. "काकू, वहीत विरोधाचा रकानाच नाही. हजर आणि सही, दोनच आहेत."

काकूंनी वही ओढली आणि सहीच्या चौकटीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: नाही. स्टूल उचललं आणि त्या घरी आल्या. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी त्यांना भूक लागली.

आठवड्याने टाईप केलेली प्रत घरी आली. 'महिला सदस्यांनी स्वहस्ते नोंद केली. सर्वानुमते मंजूर.' काकू तशाच कार्यालयात गेल्या. कारकून खिडकीबाहेर बघत म्हणाला, "चौकट रिकामी नसावी, इतकंच नियमात आहे हो. रिकामी कुठे आहे?"

पाटी लागली. पितळेची, सुनेच्या पूर्ण नावाची. भाषणं झाली, फोटो निघाले. मुलगा समोरच्या फुटपाथवर ठमीला कडेवर घेऊन उभा होता. टाळ्या वाजल्या तेव्हा तो पाठ फिरवून निघून गेला.

त्यानंतरच्या सभेपासून दोघींना बसायला दवाखान्यातली ती पाटीवाली खोलीच दिली. हक्काची जागा, असं अध्यक्ष म्हणाले. रंग नवा होता, फरशी जुनीच. भिंतीतले दोन हूक कुणी काढले नव्हते. एकावर कॅलेंडर लटकत होतं. ठमीला ताप होता म्हणून काकू स्टूल काखेत मारून उशिराच पोचल्या. वहिनी बिस्किट चहात बुडवत बसल्या होत्या. वही समोरच होती, वर नवा पुठ्ठा. खिडकी वेडीवाकडी कापलेली.

"या हो. माझं झालं सगळं," वहिनी म्हणाल्या.

काकूंनी पुठ्ठा उचलला आणि उभ्यानेच मोठ्याने वाचायला लागल्या. पहिला ठराव बाजारातल्या शेडचा. दुसरा अध्यक्षांच्या गाडीचा. तिसऱ्यात काकूंचं स्वतःचं नाव होतं, पूर्ण नाव, जे गावात कुणी वापरतच नसे. 'घरगुती दुःखामुळे सदर सदस्या कामकाजात लक्ष देऊ शकत नसल्याने त्यांना सन्मानपूर्वक मुक्त करण्यात यावे. महिला सदस्यांची संमती आहे.' खाली वहिनींची सही. शाई अजून वाळली नव्हती.

"अगंबाई!" वहिनींच्या हातातलं बिस्किट कपात पडलं. "शप्पथ सांगते, मला कुठे माहीत होतं? नेहमीचंच आहे म्हणाले हो!"

काकूंना राग यायला हवा होता. पण तो चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. रोज सकाळी आरशात दिसायचा. त्यांनी आपला चष्मा काढला आणि वहिनींच्या हातात दिला.

"नंबर वेगळा असेल, पण चालेल. चौथा तुम्ही वाचा. मोठ्याने."

वहिनींनी दाराकडे पाहिलं. तिकडे नगरसभेत नऊजण वही परत यायची वाट बघत होते. मग त्यांनी चष्मा चढवला आणि त्या अडखळत वाचू लागल्या. काकू स्टूल घेऊन बाहेर पडल्या. त्यांचं आता तिथे काही काम नव्हतं.

घरी आल्या तेव्हा मुलगा ठमीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होता. स्टूल मशीनपुढे सरकवल्याचा आवाज झाला.

"लवकर सुटली सभा," तो हवेत म्हणाला.

"काढलं मला."

त्याचा हात थांबला. "सही कुणाची?"

"वहिनींची."

"त्यांनी वाचलं होतं?"

"नाही रे," काकू म्हणाल्या. "पुठ्ठा होता वर."

पट्टी सुकली, ती त्याने पुन्हा भिजवली.

"मग तू काय बोललीस त्यांना?"

"काही नाही. चष्मा दिला."

त्याने पट्टी पिळून ठमीच्या कपाळावर नीट बसवली. मग काकूंकडे न बघताच म्हणाला, "आई, तू जेवून घे. मी बसतो हिच्याजवळ."