मागच्या बाकापर्यंत

निवृत्त झाल्यापासून ते मुलीकडे राहत होते. स्वतंत्र खोली होती, पण तिच्यात इस्त्रीचं टेबलही होतं. सकाळी जावई शर्ट इस्त्री करायला आला की त्यांना पलंगावर पाय वर घेऊन बसावं लागे. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. चाळीस वर्षं चर्चमध्ये पाळक म्हणून काम केलेला माणूस, आणि आता मुलगी नवऱ्याला विचारायची, "बाबांनी गोळी घेतली का?" बाबा समोरच बसलेले असायचे.

म्हणून दूरच्या एका चर्चमधून फोन आला, की आमचे पाळक बदलून गेलेत, नवे मिळेपर्यंत सहा महिने याल का, तेव्हा ते "विचार करून सांगतो" म्हणाले आणि फोन ठेवल्याबरोबर कपाटावरची बॅग खाली काढली.

पहिल्या रविवारी त्यांनी मंडळीला सांगितलं, "मी स्टेपनी आहे. खरं चाक येईपर्यंत गाडी थांबू द्यायची नाही, एवढंच माझं काम." लोक हसले. सगळ्यांना ऐकू गेलं, कारण उपासनेआधीच ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी त्यांना माईक दाखवून ठेवला होता. बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सांगायचं ते एकदाच आणि नीट सांगायच्या.

"हे बटण वर दिसलं तरी माईक चालू नसतो, पाळकसाहेब. टक् आवाज येईपर्यंत ढकलायचं. नाहीतर मागच्या बाकांना काही कळत नाही."

सहा महिन्यांत त्यांनी तीन अंत्यविधी केले, एक बाप्तिस्मा केला, दवाखान्याच्या खेपा घातल्या. लोक दारात हात हातात घेऊन म्हणायचे, "साहेब, तुम्हीच राहा ना." ते मान हलवून नको नको म्हणायचे आणि घरी जाऊन ते वाक्य मनात पुन्हा एकदा ऐकायचे.

मग उमेदवार आला. बत्तीस वर्षांचा, सडपातळ, बायकोला सोबत घेऊन. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांनी ठरवलं होतं की निवडीआधी एक रविवार त्याचा उपदेश ऐकायचा. बाई नेमक्या त्या आठवड्यात बहिणीकडे गेल्या होत्या.

झगा चढवताना त्यानं विचारलं, "साहेब, इथलं काही सांगण्यासारखं?"

"काही नाही. मोकळेपणानं बोला."

त्या वेळी त्यांना माईक खरंच आठवला नव्हता. नंतर ते या एका गोष्टीला चार-पाच दिवस धरून बसले. पण तरुणानं पहिलं वाक्य उच्चारलं आणि त्यांना आठवला. मागच्या बाकांवर माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यानं बटणाला बोट लावून पाहिलं, ते वरच होतं. मग त्यानं मागे वळून व्यासपीठावरच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे ते बसले होते, दोन पावलांवर.

त्यांनी मान हलवली. ठीक आहे, चालू द्या.

उपदेश त्यांना शब्दन् शब्द ऐकू आला. लुळ्या मित्राला बरं करावं म्हणून छतातून येशूपुढे खाली सोडणाऱ्या चौघांची गोष्ट. तो म्हणाला, दोर सोडताना त्या चौघांचे तळहात सोलवटले असतील, त्यांच्या हातांना कोणी बरं केलं? चाळीस वर्षांत त्या गोष्टीवर त्यांनी कितीदा उपदेश केला होता, त्या हातांकडे त्यांचं कधी लक्ष गेलं नव्हतं. ऐकताना त्यांचा जबडा आवळला गेला.

सोमवारी पंच बसले. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. ते म्हणाले, "माणूस भला दिसतो, पण आवाज मागे पोचतच नाही. तुमचं काय मत, साहेब?"

"आवाज ही देणगी आहे," ते म्हणाले. "सगळ्यांनाच मिळते असं नाही."

वाक्य छान जमलं असं त्यांना वाटलं. पंचांनी त्यांना आणखी एक वर्ष राहायची विनंती केली आणि ते हो म्हणाले.

गुरुवारी बाई परत आल्या. ऑर्गनवरची धूळ पुसत त्यांनी विचारलं, "त्याचा आवाज पोचला नाही म्हणे. बटणाचं सांगितलं होतंत ना?"

"हो."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि गीतांचं पुस्तक उघडलं.

ते "हो" त्यांचा पिच्छा सोडत नव्हतं. न बोलण्याला सबबी सापडत होत्या, या एका अक्षराला सापडेनात. आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करताना त्यांना स्वतःच्याच हाताची किळस आली. शनिवारी सकाळी त्यांनी तरुणाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"मी मागे वळून पाहिलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही मान हलवलीत."

"हो."

"माझी बायको शेवटच्या बाकावर होती. तिला वाटलं, माझ्यातच दम नाही. हे काम सोडायचं असं आमचं जवळजवळ ठरलंय, साहेब."

फोन त्यानंच ठेवला.

ते तडक डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर ऐकून हसले. "एवढंच ना? या वयात माणूस विसरतोच."

ती सुटका दार उघडं टाकून समोर उभी होती. "विसरलो नव्हतो," ते म्हणाले. "मला त्याला बोलू द्यायचं नव्हतं."

डॉक्टरांचं हसू मावळलं. हातमोजे काढत ते म्हणाले, "बरं. पण हे लोकांत सांगायची गरज नाही. आम्ही त्याला पुन्हा बोलावतो."

तरी दुसऱ्या दिवशी सूचना वाचून झाल्यावर त्यांनी ते मंडळीला सांगितलं, मान हलवल्यासकट, पंचांपुढच्या वाक्यासकट. उपासनेनंतर ते नेहमीसारखे दारात उभे राहिले, तर बरेच जण बाजूच्या दारानं निघून गेले. आले त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं हात दिला, पण वर पाहिलं नाही.

सगळ्यांत शेवटी बाई आल्या.

"मला हो म्हणालात."

"खोटं बोललो."

"कळलं होतं मला." त्यांनी पर्स बंद केली. "पुढच्या रविवारची गीतं अजून दिली नाहीत तुम्ही. बुधवारपर्यंत द्या, सराव करायला लागतो."

ते नव्या पाळकाची निवड होईपर्यंत राहिले. त्या पाच आठवड्यांत कोणी त्यांना "तुम्हीच राहा" म्हटलं नाही, आणि प्रत्येक रविवारी पायऱ्या चढताना त्यांचे कान तापायचे. तरुणाला बायकोची समजूत घालायला वेळ लागला, पण तो आला, बोलला आणि निवडला गेला.

ताबा द्यायच्या दिवशी दोघं पाळकासाठी असलेल्या दोन खोल्यांच्या घरात, सामानाच्या खोक्यांवर बसले. त्यांनी आजाऱ्यांची यादी समजावून सांगितली: कोणाला ऐकू कमी येतं, कोणाला प्रार्थना छोटी लागते, कोणाच्या घरी मुलाचा विषय काढायचा नाही. तरुणानं सगळं लिहून घेतलं.

"क्षमा केलीय मी तुम्हाला," वही मिटत तो म्हणाला. "पण राग गेलेला नाही. खोटं कशाला सांगू?"

"नका सांगू."

"आता कुठे जाणार?"

"मुलीकडे."

तरुणानं त्यांची बॅग उचलून फाटकापर्यंत नेली. रिक्षा यायला दहा मिनिटं लागली, तेवढा वेळ तो शेजारी उभा राहिला.