केझायाचे काळे कपडे

एनिड आत्या कुणाच्याही घरून निघाली की दारात थांबते, पर्स उघडते आणि घरच्या बाईंपुढे धरते. रुमाल, चष्मा, पुदिन्याच्या गोळ्या, बसचा पास. बघा, तुमचं काही नेत नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, चाळीस वर्षं चर्चमध्ये फुलं मांडलेली, आणि झडती देतेय. लहानपणी मी लाजेने अर्धमेली व्हायचे. हे तिला तिच्या आईने शिकवलं, आईला तिच्या आईने. मी मात्र साफ नकार दिला, म्हणून आत्या मला अजूनही उद्धट म्हणते.

या सगळ्याच्या मुळाशी केझाया. केझाया लार्टर, आत्याची पणजी, डॅपलिनांच्या घरी मोलकरीण होती. १८५३ साली म्हाताऱ्या मिस डॅपलिननी तिला हाकललं, जाताना तिने चांदीचा दुधाचा जग पळवला, आठवड्याभरात बाई वारल्या, आणि केझाया गेली वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांना ढिगाने कपडे धुवायला लावून वर पातळ लापशी घालायचे तिथे. आमच्या गावात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ आहे. जग आमच्याकडेच असतो, आत्याच्या कपाटात, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून. बुडाशी बाईंची आद्याक्षरं कोरलेली. त्यात कुणी कधी थेंबभर दूध ओतलं नाही.

मार्चमध्ये आत्याच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख ठरली. तिने काय करावं? मला न विचारता डॅपलिनांना पत्र लिहिलं. सध्याचे मिस्टर डॅपलिन त्याच घरात राहतात, एकटेच. त्यांनी दोघींना रविवारी चहाला बोलावलं.

"जग परत करणार मी," आत्या म्हणाली. "चोरीचा माल घरात ठेवून मरायचं नाहीये मला."

"आत्या, पावणेदोनशे वर्षं झाली. आणि चोरीचा कशावरून? मिस डॅपलिनच्या पुतण्याने उठवलं आणि आपण मान डोलावली."

"मग आण पुरावा. रविवारपर्यंत वेळ आहे तुला. एरवी तरी काय करतेस, टीव्ही बघतेस."

मला संतापच आला. पण मंगळवारी सकाळी मी नॉरिचच्या बसमध्ये होते.

तिथल्या अभिलेखागारात पेन नेऊ देत नाहीत, पेन्सिल देतात. मिस ऑनर डॅपलिन यांचं मृत्युपत्र तासाभरात सापडलं, आणि वाचताना मला खुर्चीत नीट बसवेना. बाईंनी लिहिलं होतं की माझी मोलकरीण केझाया लार्टर माझ्या मृत्यूच्या दिवशी माझ्याच नोकरीत असेल, तर ज्या चांदीच्या जगातून ती मला रोज दूध वाढते तो तिला द्यावा. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. त्या दिवशी घरात जे नोकर असतील त्या प्रत्येकाला दुखवट्याचा नवा काळा पोशाख शिवून द्यावा. ती ओळ मी वाचली आणि पुढे गेले. गाढव मी.

संध्याकाळी नाचतच आत्याकडे गेले. तिने चष्मा लावून सगळं दोनदा वाचलं.

"नोकरीत असेल तर," ती म्हणाली. "तिला तर आधीच हाकललं होतं. म्हणजे आपला हक्क गेला म्हणून हिने हात मारला. बाई, हे तर आणखीच वाईट झालं."

खरं होतं ते. मी तिच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसले. मला केझायाचा राग आला होता, आणि त्या रागाची लाजही वाटत होती.

शुक्रवारी पुन्हा गेले. या खेपेला वर्कहाऊसचं भरतीचं रजिस्टर मागवलं. १९ डिसेंबर १८५३. केझाया लार्टर, वय तेवीस, अविवाहित, मोलकरीण. कारण, आसरा नाही. मालमत्ता, काही नाही. त्यापुढे एक रकाना होता, येताना अंगावर असलेल्या कपड्यांचा. लोक तो वाचतही नसतील. पण मी तीस वर्षं ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवलंय. माणूस काय बोलतो यापेक्षा त्याचा कोट काय सांगतो यावर माझा जास्त विश्वास.

बाकी सगळ्यांपुढे फाटके, मळके, वाईट असंच लिहिलं होतं. केझायापुढे लिहिलं होतं, "काळे, दुखवट्याचे, नवे."

मी पेन्सिल खाली ठेवली. आठवड्याभरापूर्वी हाकललेल्या पोरीला दुखवट्याचे नवे कपडे कोण शिवून देतं? ते फक्त बाई गेल्या त्या दिवशी घरात असलेल्यांना मिळायचे. आणि शिवून देणारा होता खुद्द पुतण्या, कारण मृत्युपत्राची व्यवस्था त्याच्याकडे होती. म्हणजे केझायाला कुणी हाकललंच नव्हतं. बाई गेल्या त्या दिवशी ती त्यांच्यापाशी होती. जग तिचाच होता.

तिथेच, सगळ्यांसमोर, मला रडू आलं. पलीकडच्या गृहस्थांनी रुमाल पुढे केला आणि वर मलाच सांगितलं, "कागदांवर पाडू नका हं."

रात्रीचं जेवण झाल्यावर आत्याला सगळं सांगितलं. तिने लगेच शंका काढली.

"मालमत्ता काही नाही म्हणाली ना ती? मग जग कुठे होता?"

"बहिणीकडे ठेवला असणार. जवळ चांदी आहे म्हटल्यावर वर्कहाऊसने दारातही उभं केलं नसतं."

"म्हणजे खोटं बोललीच की."

"आत्या, ऐक ना. विकून टाकला असता तर वर्षभर सुखाने खाल्लं असतं तिने. पण मोलकरणीच्या हातात दुसऱ्याच्या नावाची चांदी बघून दुकानदाराने थेट पोलीसच बोलावला असता. स्वतःची वस्तू असून विकता येईना. म्हणून गेली बिचारी लोकांची धुणी धुवायला."

आत्याने फ्लॅनेल सोडलं, जग मांडीवर घेतला आणि अंगठ्याने ती अक्षरं चोळत राहिली.

"तेवीस वर्षांची होती," ती म्हणाली. मग म्हणाली, "रविवारी जायचंय. कबूल केलंय मी." त्यापुढे काही विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मिस्टर डॅपलिन भला माणूस निघाला. कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर, हाताने केलेला जरा करपलेला केक. आत्याने पर्समधून जग काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी मी आणलेल्या दोन्ही नकला. त्यांनी त्या सावकाश वाचल्या. कान लाल झाले त्यांचे.

"आमच्या घरात वेगळंच सांगत आले," ते म्हणाले.

"आमच्याही," आत्या म्हणाली.

"बाई, हा तुमचाच आहे. याला हात लावायचा मला काही अधिकार नाही."

"ठाऊक आहे मला. घरात दूध आहे का?"

ते चपापले, पण उठून बाटली घेऊन आले. आत्याने जग त्यांच्या नळाखाली धुतला, त्यांच्याच फडक्याने पुसला आणि त्यात दूध ओतलं. मग तिघांच्या कपांत वाढलं, आधी त्यांच्या, मग माझ्या. थेंबही सांडला नाही. माझ्या आयुष्यात मी इतका साधा आणि इतका चांगला चहा प्यायलेले नाही.

निघताना आत्याने जग पुन्हा धुतला, फ्लॅनेलमध्ये गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. दारात आली आणि सवयीने थांबली. हात पर्सच्या खटक्यावर गेला. मिस्टर डॅपलिन दार धरून उभे होते, आणि मी श्वास रोखून.

"बराय, मिस्टर डॅपलिन," आत्या म्हणाली. पर्स बंदच होती. ती काखेत घट्ट धरून ती पायऱ्या उतरली.