न निघालेली राख

मित्रांनो, मला बघून तुम्हाला पायपुसणे आठवेल. आठवू द्या. मी एक जुना हातमोजा आहे. मला बोटे नाहीत, अंगठा नाही आणि ऊब तर मुळीच नाही. मी फक्त खरखरीत आहे. हमामात, म्हणजे गावाच्या गरम न्हाणीघरात, आलेल्या बायांचे अंग घासायचे, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला.

मोरोक्कोतल्या फेझ शहराच्या जुन्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या विणकराने मला बकरीच्या केसांच्या दोऱ्याने विणले. बकरीचे मत कोणी विचारले नाही. विणून झाल्यावर म्हाताऱ्याने मला स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिले, कळवळला, आणि समाधानाने विक्रीला टांगले. आमच्या धंद्यात हीच शाबासकी.

लल्ला तामूने, म्हणजे तामूबाईने, मला घेतले तेव्हा तिला हमामात अंग घासण्याचे काम करून तीस वर्षे होत आली होती. काळा मऊ साबण चोपडायचा, तो मुरेपर्यंत थांबायचे, मग मानेपासून टाचेपर्यंत असा खरारा करायचा की मळाच्या करड्या वळ्या फरशीवर पडल्या पाहिजेत. बाया ओरडत. लल्ला तामू लक्ष देत नसे. त्याच बाया नंतर गुलाबी होऊन तिला दुवा देत आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा ओरडायला येत. लग्नाआधी नवऱ्या मुलींना तीच न्हाऊ घाली. जाताना त्या तिच्या हाताचा मुका घेत. हात माझ्यात असे, म्हणजे मुका मलाच मिळे. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

मग हमाम बंद झाला. धुराड्याला तडा गेला, मालकाने भट्टी विझवली आणि लल्ला तामू मला घेऊन घरी आली. घर म्हणजे एक खोली, भिंतीलगत लाकडी बैठक, दाराआडचा न्हाणीचा कोपरा आणि एक खिळा. खिळा मला मिळाला. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. घासायला काही उरले नाही की माणूस काय करतो, ते मी त्या खिळ्यावरून पाहिले. तिने आधी पातेली घासली, मग उंबरठा, मग डाळिंबे. शेजारची शामा गप्पा मारायला आली की लल्ला तामूची नजर तिच्या तोंडाकडे नसे, कोपरांकडे असे. शामा बोलता बोलता बाह्या खाली ओढून घेई.

थंडी सुरू होताना ती एकदा बंद हमामाच्या भट्टीपाशी गेली. कशाला, ते बहुधा तिलाही माहीत नसावे. तिथे राखेच्या ढिगात मांजराचे एक पिल्लू बसले होते. आई नव्हती. राख केव्हाच गार झाली होती, तरी ते तिथेच बसून होते. लल्ला तामूने त्याला शालीत गुंडाळून घरी आणले. सहा दिवस ते तिच्या कुशीत झोपले आणि तिच्या बोटांवरचे दूध चाटून प्याले. ती त्याच्याशी दिवसभर बोलत राही. त्या खोलीत इतके बोलणे मी कधी ऐकले नव्हते.

आमच्याकडे बाळ सात दिवसांचे झाले की त्याला न्हाऊ घालून नाव ठेवतात. पिल्लाला घरी येऊन सात दिवस झाले. लल्ला तामूने शामाला खजूर घेऊन यायला सांगितले, पाणी तापवले, आणि मला खिळ्यावरून काढले.

मित्रांनो, मला फार आनंद झाला होता. हे मी लपवणार नाही.

तिने सगळे रीतसर केले. न्हाणीचे दार लावले, वाफ धरू दिली, साबण चोपडला, तो मुरू दिला. पहिले पाणी काळे निघाले. ती खरी राख होती, आणि तिथेच आमचा घात झाला. लल्ला तामूला हुरूप आला. तीस वर्षांत तिने कोणाचाही रंग घासून पाहिल्याशिवाय खरा मानला नव्हता. पिल्लू करडे होते. करडे म्हणजे राख. राख म्हणजे निघायलाच हवी. पिल्लू किंचाळले, पण ओरडणे म्हणजे काम नीट चालले आहे, असेच आम्ही दोघे समजत आलो होतो. फरशीवर करड्या वळ्या पडू लागल्या. "बघ, किती मळ होता माझ्या लेकराचा," ती म्हणाली.

त्या वळ्या केसांच्या होत्या. पिल्लाच्या खांद्यावर गुलाबी कातडी दिसली तेव्हा तिचा हात थांबला. पिल्लू तिच्या मांडीवरून सुटले, दारावर आपटले, फटीतून बाहेर गेले आणि बैठकीखालच्या पार कोपऱ्यात जाऊन बसले.

शामा खजूर घेऊन आली तेव्हा लल्ला तामू भिजलेल्या बाह्यांनी जमिनीवर बसली होती. शामाने वाकून बैठकीखाली पाहिले, मग फरशीवरच्या वळ्यांकडे पाहिले.

"लल्ला," ती हळू आवाजात म्हणाली, "राख नाही हो ती. रंगच तसा आहे त्याचा."

नाव ठेवायचे राहून गेले. खजूर ताटलीतच राहिले.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. लल्ला तामूचा हात बैठकीखाली गेला की पिल्लू फिस्कारून भिंतीला चिकटे. तिच्या हाताला तीस वर्षांचा साबण मुरला होता. तो वास जावा म्हणून तिने हात धुतले. साबणाने धुतले. मग लिंबाने, मग राखेने. काही उपयोग झाला नाही. दूध ठेवले, तारलीचे तुकडे ठेवले, तरी ती खोलीत असेपर्यंत पिल्लू तोंड लावत नव्हते. शेवटी तिने वाटी बैठकीजवळ ठेवली आणि स्वतः घराबाहेर जाऊन पायरीवर बसली. तेव्हा कुठे ते बाहेर आले आणि भिंतीकडे बघत जेवले. खांद्यावरचा पट्टा उघडाच होता. हे पाहायला खोलीत मी एकटाच होतो.

मग तेच रोजचे झाले. कडाक्याच्या थंडीत लल्ला तामू आपल्याच दाराबाहेर बसून राही. येणारे-जाणारे विचारत, किल्ली हरवली का. ती सांगे, आत पाहुणी जेवते आहे. शामा पुदिन्याचा चहा आणून देई आणि म्हणे, "या वयात सासू मिळाली तुम्हाला, लल्ला. सांभाळून राहा, सोडचिठ्ठी द्यायला लावेल."

लल्ला तामू हसत नसे. "आज निम्मीच वाटी संपली," ती म्हणे. "वाळत चाललंय ते, शामा. माझ्या हाताची भीती घेऊन मरायचं."

मित्रांनो, घासले कोणी? मी. ओरखडले कोणी? मी. दोष मात्र सगळा हाताला लागला. मी खिळ्यावर शांतपणे वाळत होतो. मला तोंड असते तर मी बोललो असतो असे मला वाटते, पण खात्री देत नाही.

एका सकाळी वाटी जशीच्या तशी भरलेली होती. लल्ला तामूने ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिले, मला खिळ्यावरून ओढले आणि भिरकावले. मी बैठकीखाली जाऊन पडलो, नेमका पिल्लासमोर. मला वाटले, आता हिशेब होणार. पिल्लाने मला दोन पंजे मारले. मी उत्तर दिले नाही. ओला, गरम आणि साबणाचा असतो तर त्याने मला ओळखले असते. पण मी कोरडा होतो, गार होतो आणि मला बकरीचा वास येत होता. संध्याकाळी त्याने माझ्यावर गाल टेकला आणि हळूच ओढला. पुन्हा ओढला. मांजरीची जीभ खरखरीत असते, मित्रांनो. आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणीतरी आई समजत होते, आणि तेही चुकीने.

पोटावर पडून बैठकीखाली डोकावणाऱ्या लल्ला तामूला ते दिसले. कातडीला काय हवे असते, ते ओळखण्यातच तिचे आयुष्य गेले होते. दुसऱ्या दिवशी तिने आडवे पडून हात लांब केला आणि बोटभर माझ्यात सरकवला. पिल्लू मागे सरले. ती हलली नाही. गुडघे दुखत होते, तरी दुपारपर्यंत तशीच पडून राहिली. त्याच्या पुढच्या दिवशी अर्धा हात. चौथ्या दिवशी पूर्ण. मग तिने मला पिल्लाच्या कानामागे टेकवले आणि अगदी थोडे ओढले. मांजरी चाटते तेवढेच. ज्या हाताने हजारो पाठी सोलल्या, तो हात इतका हलका होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हते. पिल्लाने डोळे मिटले. त्या दिवशी वाटी रिकामी झाली.

आता लल्ला तामू मला काढेनाच. माझ्यासह तिने भाजी ढवळली, दार उघडले, नमाजापुरते मला बाजूला ठेवून पुन्हा चढवले. शामा म्हणाली, "जेवायला बोलावलं तर दोघांचं ताट वाढू की तिघांचं?" पिल्लू माझ्यामागे खोलीभर फिरू लागले. माझ्यामागे, तिच्यामागे नव्हे. मी तिच्या हातातून उतरलो की ते निघून जाई. ते तिला कळत होते, मलाही कळत होते. 

रोजच्या चाटण्याने आणि नखांनी मी विरत गेलो. आधी टोकाला भोक पडले, त्यातून तिचे एक बोट बाहेर आले. पिल्लाने ते हुंगले, आणि जरा थांबून शेवटी चाटले. सुईदोरा समोरच्या फळीवर होता. लल्ला तामूने तो घेतला नाही. मग दोन बोटे बाहेर आली, मग तीन. एका दुपारी तिने मला उलगडून हलकेच काढून ठेवले आणि उघडा हात पिल्लाच्या पाठीवर ठेवला. पिल्लाने डोळे उघडले नाहीत. त्या दिवशी शामाला बोलावून त्याचे नाव ठेवले. रमादा, म्हणजे राख.

सगळे पूर्वीसारखे झाले असे मात्र समजू नका. खांद्यावरचा पट्टा अजून विरळ आहे. बादलीची कडी वाजली की रमादा खोलीतून नाहीशी होते. म्हणून लल्ला तामू आता शामाच्या घरी जाऊन अंघोळ करते आणि केस पुरते वाळल्याशिवाय आपल्या घरात पाऊल टाकत नाही. मरेपर्यंत असेच करीन म्हणते.

मला कोणी फेकले नाही, उचललेही नाही. मी बैठकीखाली पडून आहे. शेजारी कुठे पाणी सांडले, बादली वाजली, की रमादा धावत माझ्याकडेच येते, माझ्या चिंध्यांत तोंड खुपसते आणि थरथरत पडून राहते. ज्याची भीती वाटते, त्याच्याच कुशीत ती लपली आहे, हे तिला माहीत नाही.

मित्रांनो, कोणाला स्वच्छ करायला निघालात तर तो रंग त्याचाच आहे का, ते आधी पाहून घ्या. आणि कधी फेझला आलात, लल्ला तामूच्या खोलीत बसलात आणि बैठकीखालून एक करडे मांजर तुमच्याकडे बघू लागले, तर माझे नाव काढू नका.