सव्वाशे टक्के बेंझिन

मित्रांनो, जगात जे जे एकमेकांत मिसळले आहे, त्याचा अंतिम निवाडा माझ्याकडे होतो. म्हणजे द्रव दोनच असावेत, पाणी नेमके वीस अंशांवर असावे आणि टेबलाला कोणी कोपर लावू नये. एवढे जमले की होतो.

मी एक जुनी पाऱ्याची नळी आहे. रंगाच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत भिंतीला टेकून उभी असते. पाण्यात बुडवलेल्या बंद कुपीतल्या द्रवाची वाफ माझ्या पाऱ्याला ढकलते आणि मी तिचा दाब सांगते. पूर्वी पाहुणे मला बघायला येत. मग शेजारी लुकलुकते यंत्र आले. आता ते बिघडले, की माझ्यावरची धूळ पुसतात.

परवा ते बिघडले. प्रयोगशाळेच्या प्रमुख निवृत्तीला आलेल्या. त्यांच्या जागी हाताखाली काम करणारी त्यांचीच सून बसणार, की बाहेरून कोणी मागवायचे, हे त्यांना ठरवायचे होते. त्यांनी कुपी पुढे सरकवली. "यात बेंझिन किती, टोल्युइन किती, काढ."

हे दोन्ही द्रव मोठे गुणी. परक्यांतही घरच्यासारखेच वागतात. ज्याचा जेवढा वाटा, तेवढाच त्याचा दाब. नुसते बेंझिन पंचाहत्तर मिलिमीटर ढकलते, नुसते टोल्युइन बावीस. मिश्रण या दोहोंच्या मधेच हवे.

मी दाखवले अठ्ठ्याऐंशी. सुनेने त्यातून बावीस वजा केले, दोघांमधल्या त्रेपन्नाच्या फरकाने भागले आणि ती पांढरीफटक पडली.

"किती गं बेंझिन?"

"सव्वाशे टक्के."

"वा! घरी साखरेचा डबाही असाच भरत जा."

"आई, ही नळीच म्हातारी झालीय."

"म्हातारी झाली म्हणून खोटं बोलत नाही ती. कुपीतली हवा पुरती काढलीस?"

सुनेने जीभ चावली. घाबरून पंप लवकर बंद केला होता. उरलेली हवाही वाफेबरोबर मला ढकलत होती.

तिने कुपी गार करून पंपाने पुन्हा हवा ओढून काढली, कुपीभोवतीचे पाणी वीस अंशांवर आणले. पारा साडेअठ्ठेचाळीसवर थांबला. बावीस वजा जाता साडेसव्वीस. त्रेपन्नाचे बरोबर अर्धे.

"निम्मं निम्मं. तुम्ही एकदा वाचून बघा ना."

"मला रेघा कधीच्या दोन-दोन दिसतात गं." सासूबाई चष्मा पुसत राहिल्या. "कोणाला सांगू नकोस. बस माझ्या खुर्चीत."

सुनेने खुर्ची ओढली आणि तिच्यात सासूबाईंनाच बसवले. "महिनाभर तुम्ही सांगा, मी वाचते."

मित्रांनो, जुन्यांना दोष देण्याआधी आपले काम तपासा, त्यांना जपा, वगैरे बरेच सांगायचे होते. ते राहू दे. फक्त माझ्यावर ओले हातरुमाल वाळत घालू नका.