कोरं कॅलेंडर

रविवारी सकाळी सातलाच मैदानाच्या फाटकाबाहेर पालकांची रांग लागायची. प्रत्येकाच्या शेजारी पंधरा-सतरा वर्षांची एक मुलगी. रांग प्रशिक्षणासाठी नव्हती, दोऱ्यासाठी होती. धावणं शिकवणारे आमचे सर, ज्यांना सगळे दोरेसर म्हणत, मुलीच्या मनगटाला मंतरलेला काळा दोरा बांधायचे आणि तीन-चार महिन्यांत तिची पाळी थांबायची. वर धावण्याची वेळही सुधारायची. असा चमत्कार डोळ्यांदेखत घडल्यावर प्रश्न कोण कशाला विचारतो?

"महिन्याचे पाच दिवस वाया! वर्षाचे साठ!" सर गरजायचे. "देवानं मुलींवर अन्याय केलाय, तो मी दुरुस्त करतो. दोरा रक्त अडवतो, अडलेलं रक्त पायांत उतरतं, आणि पाय पळतात!"

देवाची चूक दुरुस्त करणारा हा माणूस स्वतःची अडकलेली शिटी मात्र माझ्याकडून दुरुस्त करून घ्यायचा.

मी त्या मैदानावर मुलींच्या धावण्याची वेळ नोंदवायचे. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीची किल्लीही माझ्याकडेच. तिथे भिंतीवर प्रत्येकीचं एक कॅलेंडर होतं. पाळी आली की मुलीनं तारखेभोवती लाल गोल करायचा. महिना कोरा गेला की मी त्यावर चांदणीचा शिक्का मारायचा. दोऱ्यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता, तरी शिक्के मीच मारत होते. नोकरीची भीती होती, आणि खरं सांगायचं तर माझी भाची सगळ्यांत पुढे होती. तिच्या सात चांदण्या झाल्या होत्या, आठशे मीटरमधले चार सेकंद कमी झाले होते, आणि निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती.

दोऱ्याबरोबर पथ्य असायचं. सकाळी एक केळं, दुपारी वाटीभर भात, संध्याकाळी नुसतं पाणी. "पोरगी अन्नाला शिवत नाही," माझी बहीण शेजारणींना कौतुकानं सांगायची.

एका मंगळवारी भाची वळणावर नडगी धरून खाली बसली. कुणाचा धक्का नाही, की पाय घसरला नाही.

"हाडाला चीर गेलीय," दवाखान्यात एक्स-रे बघून डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाळी शेवटची कधी आली होती?"

"सात महिने नाही!" भाचीनं ऐटीत मनगट पुढे केलं. "दोरा आहे ना."

डॉक्टरबाईंनी आधी दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

रविवारी त्या स्वतः मैदानावर आल्या. मी खोली उघडली, आया आत आल्या, बाप दाराशी थांबले.

"बघा, एकूण एक कोरं!" सर भिंतीकडे हात करून म्हणाले.

डॉक्टरबाईंनी एका मुलीचा हात वर केला. मनगट मोकळं होतं. "हिचेही चार महिने कोरे. हिचा दोरा कुठाय?"

"माझा नंबर लागायचाय," मुलगी पुटपुटली. "पथ्य तेवढं आधीच सुरू केलंय. लवकर गुण यावा म्हणून."

"मग हिचं रक्त कुणी अडवलं?"

"मैदानाचा प्रभाव!" सर म्हणाले. दाराशी कुणीतरी फिसकन हसलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून हुंदका आला. सर जिला ढोली म्हणून हिणवायचे, ती मुलगी रडत होती. "माझं कॅलेंडर खोटं आहे. सहा महिने दोरा आहे, पण पाळी दर महिन्याला येते. मी गोल करत नाही. घरी चोरून पोटभर जेवते. माझ्यातच खोट आहे ना?"

"अगं, या भिंतीवर धड तेवढी तूच आहेस," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मग मी तोंड उघडलं. ढोलीची वेळ सहा महिने हळूहळू सुधारतच होती. बाकीच्या चांदणीवाल्या मुली सुरुवातीला वजन घटल्यानं जोरात पळाल्या आणि नंतर बहुतेक जणी मागे पडल्या होत्या. हे माझ्या वहीत होतं. मी रोज बघत होते.

"दोरा काहीच करत नाही. करते ती उपासमार," डॉक्टरबाईंनी सांगितलं. "मेहनतीला पुरेल इतकं पोटात गेलं नाही की शरीर पाळी बंद करतं. त्याबरोबर हाडांना बळ देणारं हार्मोनही आटतं, आणि हाडं भरायची ती हीच वर्षं. पाळी म्हणजे शरीराची हजेरी आहे. ती लागली नाही तर शिक्का मारू नका, मुलीला दवाखान्यात आणा. पाळीच्या दिवसांत झेपेल तसं पळू दे, दुखलं तर थांबू दे. पण जेवू दे!"

सर म्हणाले, इथे श्रद्धा उरली नाही. पुढच्या रविवारी त्यांनी पलीकडच्या मैदानावर दोरे बांधायला सुरुवात केली. तिथेही रांग लागली, आणि त्या रांगेत आमच्याकडचे दोन बाप होते.

भाचीची चाचणी हुकली. हाड जुळलं, पण हाडांची गेलेली भर सगळी परत येईलच असं नाही, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. पाच महिन्यांनी तिनं कॅलेंडरवर लाल गोल केला. मला रडू आलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोरा खोटा आहे हे तुला माहीत होतं ना, मावशी? मग शिक्के का मारलेस?"

 तिच्या त्या प्रश्नासाठी हे लिहिलं. तुमच्या मुलीच्या मनगटाला कुणी दोरा बांधत असेल, तर ती काय जेवली हे आज विचारा. आणि माझ्यासारखं सगळं कळत असून गप्प बसला असाल, तर आता तरी बोला.